काचेखालची टोपी आणि उलटं वाजलेलं संगीत

वाचकांचे प्रश्न: पडदा आणि शाळा

या खेपेची बरीचशी पत्रं एकाच चित्रपटाबद्दल आहेत: जाँ व्हिगो यांचा ‘झेरो द काँद्युइत’ (१९३३), म्हणजे ‘वर्तणूक: शून्य’. फ्रान्समधली मुलांची निवासी शाळा, सुट्टी संपवून परतलेली पोरं, उठता-बसता शिक्षा, चौघांचा कट आणि शेवटी शाळेच्या समारंभावर थेट छपरावरून मारा. गोष्ट एवढीच. लांबी ४४ मिनिटं. लघुपट म्हणायला जरा मोठा आणि पूर्ण चित्रपट म्हणायला छोटा. शिस्तीच्या रकान्यात शून्य पडलं की मुलाला रविवारी शाळेतच डांबून ठेवत, त्यावरून हे नाव आलं.

मुख्याध्यापक इतके ठेंगणे का दाखवलेत? आणि ते आपली टोपी काचेच्या घुमटाखाली का ठेवतात? मला तर हसूच आलं. – एक वाचक, सांगली

हसू यायलाच हवं. मात्र हसून झाल्यावर तो प्रसंग पुन्हा लावा आणि अर्थ बाजूला ठेवून फक्त हालचाली टिपा. दाढीवाले मुख्याध्यापक खोलीत येतात. भिंतीतल्या शेकोटीवरची फळी त्यांच्या उंचीच्या मानाने फार वर आहे. टाचा उंचावून, हात ताणून ते टोपी तिथे ठेवतात आणि वर काचेचा घुमट झाकतात. असा घुमट त्या काळच्या फ्रेंच घरांत किमती घड्याळावर किंवा देवाच्या मूर्तीवर असायचा. म्हणजे टोपीला देव्हारा मिळालाय आणि टोपी घालणाऱ्याचा हात देव्हाऱ्यापर्यंत पोचता पोचत नाही. इथली खोली आणि फर्निचर मोठ्या पदाच्या मापाचं आहे, त्या पदावर बसलेला माणूस तेवढ्या मापाचा नाही. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही आपली म्हण इथे पार उलटी झाली आहे.

दुसरी बाजूही पाहा. घाबरलेल्या मुलाला मुख्याध्यापक नेहमी प्रचंड दिसतात. कॅमेरा मुलांच्या बाजूचा आहे, पण तो त्यांची भीती दाखवत नाही, त्यांचा सूड दाखवतो. आपण मास्तरांची नक्कल करतो तेव्हा त्यांना लहान करूनच करतो ना? हा सगळा चित्रपट म्हणजे मधल्या सुट्टीत केलेली तशी एक नक्कल आहे.

एक सावधगिरी. ही भूमिका देल्फाँ या खरोखरच ठेंगण्या नटाने केली आहे. ‘ठेंगणा म्हणजे हास्यास्पद’ असा अर्थ काढलात तर विनोद माणसाच्या शरीरावर जातो आणि टोपी बाजूला राहते. फळीची उंची आणि टोपीचा थाट यांवर बोट ठेवा.

परीक्षेत ‘उशांच्या मारामारीतली पिसं हे स्वातंत्र्याचं प्रतीक आहे’ असं लिहिलं. दहापैकी तीन गुण मिळाले. काय चुकलं? – माध्यम-अभ्यासाची विद्यार्थिनी, पुणे

चूक नाही, अपुरं आहे. ‘पिसं म्हणजे स्वातंत्र्य’ हे वाक्य कुठल्याही चित्रपटातल्या कुठल्याही पिसांना लावता येतं, त्यामुळे या चित्रपटाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. प्रतीकांचा शब्दकोश नसतो. दरवेळी तीन गोष्टी लिहायची सवय लावा: ती वस्तू आधी कशासाठी होती, प्रसंगात तिचं काय झालं, आणि त्यानंतर पडद्यावर काय बदललं.

आता पिसांवर हे लावून पाहू. रांगेतल्या खाटा, प्रत्येक खाटेवर एक उशी, दिवे मालवले की मुकाट झोपायचं. उशी हा त्या शिस्तीचा सरकारी सामान-यादीतला भाग. पोरं ती फोडतात. पिसांनी खोली भरते, खाटांच्या रांगा दिसेनाशा होतात, हुकूम सोडणारा मास्तर त्या पांढऱ्या धुरळ्यात चाचपडत राहतो. मग अचानक चित्र संथ होतं आणि धिंगाण्याची मिरवणूक होते. रात्रीचे सदरे पाद्र्यांच्या झग्यांसारखे दिसतात आणि एकाला खुर्चीत बसवून मिरवलं जातं. शिस्तीच्याच सामानातून मुलांनी आपला उत्सव उभा केला. एवढं लिहिलं असतं तर ‘स्वातंत्र्य’ हा शब्द न वापरताही गुण मिळाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळचा प्रसंगही जोडा. झोपलेल्या मास्तराला मुलं खाटेला बांधतात आणि खाट उभी करतात. ख्रिस्ती देशातल्या प्रेक्षकाला त्यात क्रूस दिसणारच. रात्री मिरवणूक आणि सकाळी क्रूस, हा क्रम योगायोग नाही.

त्याच मिरवणुकीतलं संगीत बिघडल्यासारखं ऐकू येतं. आमच्या फिल्म सोसायटीच्या प्रतीत दोष आहे का? – एक सभासद, कोल्हापूर

प्रत ठीक आहे, ते तसंच केलेलं आहे. संगीतकार मोरिस झोबेर यांनी आधी सरळ धून रचली. मग तिची स्वरलिपी शेवटापासून सुरुवातीकडे अशी उलटी लिहून काढली, वादकांकडून ती उलटी धून वाजवून घेतली आणि ते ध्वनिमुद्रण उलटं फिरवलं. दोनदा उलटल्याने धून पुन्हा सरळ झाली, प्रत्येक सुटा स्वर मात्र उलटाच राहिला.

कुठलंही वाद्य वाजवलं की आधी आघात होतो आणि मग नाद विरत जातो. इथे नाद हळूहळू फुगत येतो आणि जिथे आघात असायला हवा तिथे चटकन तुटतो. चाल ओळखीची वाटते, पण वाद्यं श्वास आत ओढत असल्यासारखी वाटतात. संथ चित्राखाली हे संगीत का चपखल बसतं ते यातून कळेल. चित्रात वजन नाहीसं झालंय, स्वरांतून आघात.

आम्ही चौघे मिळून शाळेवर आठ मिनिटांचा अतिवास्तव (स्वप्नासारखा, तर्क मोडणारा) लघुपट करतोय. तोंडाच्या जागी कुलूप, मेंदूची वजनकाट्यावर विक्री, मुलांच्या कपाळावर बारकोड, घड्याळाची बेडी, अशी अकरा प्रतीकं आहेत. वरच्यासारखं उलटं संगीतही हवंय. – नाशिक

अकरापैकी नऊ काढा. कुलूप, बारकोड आणि बेडी तिन्ही एकच सांगतात आणि प्रेक्षकाला ते पहिल्या कुलपातच कळलेलं असतं. आठ मिनिटांत प्रतीक रुजायला ते किमान तीनदा यावं लागतं: आधी साधी वस्तू म्हणून, मग जरा वेडंवाकडं, शेवटी पूर्ण रूपांतरित. अकरा प्रतीकं तीनदा म्हणजे तेहेतीस हजेऱ्या. पंधरा सेकंदांना एक हजेरी घेऊन गोष्ट कुठे सांगणार?

व्हिगो यांचा हात किती आखडता आहे ते पाहा. चित्रपटाचा बराच भाग अगदी साध्या शाळेचा आहे: आवार, जेवणघर, रांगा. नियम मोडतात ते मोजक्या जागी. देखरेखीचा नवा मास्तर ह्युगे वर्गात टेबलावर हातांवर उलटा उभा राहतो आणि तशा अवस्थेत चित्र काढतो. ते चित्र आपोआप हलू लागतं आणि त्याचा नेपोलियन होतो. आजूबाजूचं सगळं खरं आहे, म्हणून हे खटकतं. पहिल्या चौकटीपासूनच (फ्रेमपासूनच) सगळं विचित्र असेल तर विचित्र असं काही उरत नाही.

आता संगीत. फोनवर किंवा कुठल्याही साध्या ध्वनिसंपादन प्रणालीत ‘रिव्हर्स’ असतंच. पण नुसतं मुद्रण उलटलंत तर धूनही उलटी होईल. आधी वादकाला उलटी धून बसवायला लावा. ३० सेकंदांची, संथ लयीतली धून पुरे. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, असेल तर तिची दिशाही उलटते: वर जाणारी हवी असेल तर खाली येणारी वाजवून घ्या. बासरी, व्हायोलिन आणि हार्मोनियम फार बदलत नाहीत, कारण त्यांचा आघात मुळातच मऊ असतो. सतार, पियानो, जलतरंग यांत फरक ठसठशीत कळतो. तबला जपून वापरा, कारण उलटा ‘धा’ ढेकर दिल्यासारखा येतो. शब्द असलेलं गाणं नकोच, नुसत्या ‘आ’वर गायलेला आकार चालेल. आणि घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, मुद्रण उलटण्याआधी दिलात तर तो स्वराच्या आधी ऐकू येतो. तसा हवा असेल तर ठीक, नाहीतर शेवटी द्या.

संथ चित्रासाठी फोन सेकंदाला १२० चौकटींवर ठेवा आणि २४ वर दाखवा, वेग पाचपट कमी होतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली असं चित्रण केलं तर लुकलुक दिसते. दिवसाच्या उजेडात करा.

काही प्रसंग मध्येच तुटतात, संवादही नीट कळत नाहीत. हा तुटकपणाही अतिवास्तववादच का? – औरंगाबाद

थोडा आहे, बराचसा नाही. चित्रण डिसेंबर १९३२ अखेर सुरू होऊन जानेवारीत उरकलं, तेही अगदी तोकड्या पैशांत. लांबी आधीच ठरलेली होती. ३५ मि.मी. फिल्म मिनिटाला सुमारे २७ मीटर पळते, म्हणजे ४४ मिनिटांना साधारण १२०० मीटर, आणि तेवढ्यात बसवण्यासाठी प्रसंग गाळावे लागले. बोलपट नुकते आलेले, मुलं शिकलेले नट नव्हेत, त्यामुळे आवाज अस्पष्ट. गळालेल्या दुव्यात खोल अर्थ शोधणं ही रसिकांची जुनी खोड आहे.

ओळखायचं कसं? दिग्दर्शकाला हवी असलेली विसंगती सहसा सावकाश दाखवलेली असते: कॅमेरा थांबतो, वस्तू चौकटीच्या मधोमध येते, नंतर परतही येते. अपघाताने आलेली विसंगती प्रसंगाच्या कडेला असते आणि तिची पुढे आठवणही निघत नाही. छायाचित्रकार बोरिस कॉफमन यांचा कॅमेरा वसतिगृहात छताजवळून खाली पाहतो ते मुद्दाम आहे. एखादं पात्र अचानक दुसऱ्या जागी दिसतं ते कात्रीचं काम असू शकतं.

जेवणात रोज घेवडा, त्यावरून एवढं बंड? – कुडाळ

मेसमध्ये वर्षभर तीच पातळ डाळ खाल्लेल्याला विचारा. पण घेवड्यात एक काटा आहे. मुलं ज्या स्वयंपाकिणीच्या नावाने ओरडतात तिचाच मुलगा कोलँ त्यांच्या कटात आहे. घोषणा सुरू झाल्या की त्याच्याकडे बघा. माझ्या मते सगळ्या चित्रपटातला हा सर्वांत खरा क्षण, आणि त्यात प्रतीक वगैरे काही नाही.

डी.एल.एड.च्या (शिक्षक-पदविकेच्या) विद्यार्थ्यांना आणि आमच्या नववीच्या वर्गाला हा चित्रपट दाखवायचा विचार आहे. तयारी काय करावी? – एक शिक्षिका, रत्नागिरी

डी.एल.एड.ला जरूर दाखवा. नववीला नको. मुलं सिगार ओढतात हे तर आहेच, पण मुख्य कारण वेगळं आहे. ताबार या मुलाच्या केसांवरून आणि हातावरून रसायनशास्त्राचा शिक्षक ज्या तऱ्हेने हात फिरवतो तो लाडाचा स्पर्श नव्हे. ताबार त्याला सर्वांदेखत शिवी देतो आणि बंड तिथून पेटतं. हे न समजता पाहिलं तर ताबार उद्धट ठरतो. आधी एकटीने पूर्ण पाहा. मोठ्यांच्या वर्गातही या प्रसंगावर स्पष्ट शब्दांत बोला आणि चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक फळ्यावर असू द्या.

३५ मिनिटांचे दोन तास सलग मागून घ्या. पाच मिनिटं ओळख, ४४ मिनिटं चित्रपट, उरलेली वीसेक मिनिटं चर्चा. मध्ये थांबवू नका. पात्रांची नावं आणि कथेचा सारांश मराठीत एका पानावर आधीच वाटा, म्हणजे पडद्यावर खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचण्यात डोळे अडकणार नाहीत. चर्चेत फळ्यावर तीन रकाने आखा: ‘काय दिसलं’, ‘त्याच्या आधी-नंतर काय झालं’, ‘मग काय वाटतं’. तिसरा पहिली दहा मिनिटं कोरा ठेवा. घोटाळा नेहमी इथेच होतो: शिक्षक आधीच ‘हे हुकूमशाहीचं प्रतीक’ म्हणून मोकळे होतात आणि वर्ग ते उतरवून घेतो. ज्या चित्रपटात पोरं पुस्तकं भिरकावतात त्याच्यावर वहीत उत्तर उतरवून घेणं म्हणजे कमालच!

समारंभात मान्यवरांच्या मागे चक्क बाहुले बसवलेत. आणि मुलं शेवटी छपरावरून कुठे जातात? – दोन पत्रं, ठाणे आणि बेळगाव

जत्रेत चेंडू मारून बाहुल्या पाडायचा खेळ असतो, त्यातलेच ते बाहुले. पुढच्या रांगेत गणवेश आणि झगे घातलेले खरे पाहुणे, मागे पेंढा भरलेले. कॅमेरा दोघांना एकाच गंभीरपणे दाखवतो, म्हणून फरक कळायला क्षणभर लागतो, आणि कळला की पुढचे पाहुणेही लाकडी वाटू लागतात. मारा सुरू झाला की खरे पळतात, बाहुले जागेवर राहतात.

काय फेकलं जातं तेही पाहा: जुने बूट, पुस्तकं, डबे. शाळेच्या माळ्यावरची अडगळ. कोणी मरत नाही. फ्रेंच सेन्सॉरला मात्र यात देशाच्या शाळांवरचा हल्ला दिसला आणि १९३३ साली घातलेली बंदी १९४५ पर्यंत उठली नाही. व्हिगो १९३४ मध्येच, वयाच्या २९व्या वर्षी क्षयाने गेले. त्यांचे वडील अराजकवादी पत्रकार, १९१७ मध्ये तुरुंगात मेले आणि मुलाला निवासी शाळेत खोट्या आडनावाने राहावं लागलं, हे माहीत असलं की ताबारच्या शिवीचं वजन वाढतं. पण माहीत नसलं तरी चित्रपट अडत नाही.

छपरावरून मुलं कुठे जातात? शेवटच्या चित्रात चौघं पाठमोरे, हात उंचावलेले, गात गात कौलांच्या चढावरून वर निघालेत. पलीकडचा उतार कॅमेरा दाखवत नाही. त्यांच्यापुढे फक्त आभाळ आहे आणि चित्रपट तिथेच तोडला आहे. ठाण्याच्या वाचकांनी ‘ते पडतात’ असं लिहिलंय, बेळगावच्या वाचकांनी ‘ते पळतात’. पडद्यावर ते चढताहेत.