चष्म्याच्या घरातल्या गोळ्या

पत्र:

माझं वय 63. शाळेत 31 वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. वर्षभरापूर्वी ब्लड प्रेशर 160/96 निघालं आणि अ‍ॅम्लोडिपिनची 5 ची गोळी सुरू झाली. महिन्याभरात संध्याकाळी घोटे सुजायला लागले. चपलेचा पट्टा लागत नाही, मोज्याची कड रुतून बसते. तीन महिन्यांनी दाखवायला गेले तर प्रेशर होतं तिथंच. डॉक्टरांनी 10 ची गोळी दिली, सूज आणखी वाढली. मग लघवीची गोळी जोडली. तिनं सूज काही हटली नाही, वर रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. आता ते म्हणतात, प्रेशर आटोक्यात का येत नाही ते बघायला हवं, किडनीच्या रक्तवाहिन्यांपासून सगळ्या तपासण्या करू. मला धडकीच भरली आहे. त्यात मुलगी दर रविवारी येऊन आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून जाते आणि रोज फोनवर ‘घेतलीस का?’ म्हणून पोलिसासारखी चौकशी करते. सूज फार चढली की मी चार-सहा दिवस गोळ्यांना सुट्टी देते. टाकवत नाहीत म्हणून जुन्या चष्म्याच्या घरात ठेवते. तपासणीच्या दिवशी सकाळी मात्र आठवणीने घेऊन जाते. डॉक्टर फार भले आहेत, पण त्यांना माझं दुखणं कळलेलं नाही असं वाटतं. डॉक्टर बदलू का? आणि मुलीला कसं आवरू?

– सुजलेली आणि वैतागलेली

उत्तर:

बाई,

त्या चष्म्याच्या घरात आत्ता किती गोळ्या आहेत? आधी मोजून या. पुढचं नंतर वाचा.

शाळेची घंटा व्हायच्या आत पायरीवर बसून घाईघाईनं घरचा अभ्यास उतरवणारी पोरं तुम्ही 31 वर्षं पाहिलीत. लांबूनच ओळखत असाल. तपासणीच्या दिवशी सकाळी गोळी घेऊन निघणारी बाई त्याच पायरीवर बसली आहे. त्या पोरांची वही तुम्ही उघडून तरी बघत होतात. डॉक्टरांनी काय उघडून बघायचं?

‘त्यांना माझं दुखणं कळलेलं नाही.’ कसं कळेल हो? त्यांच्या हातात दोनच गोष्टी: पट्टा बांधून आलेला आकडा आणि तुमचं ‘हो, रोज घेते’. आकडा चढलेला, औषध रोज चालू, म्हणजे मात्रा कमी पडते आहे. म्हणून 5 ची 10 झाली. सूज वाढली म्हणून लघवीची गोळी आली. तरी प्रेशर ढिम्म हलत नाही, म्हणून आता किडनीच्या रक्तवाहिन्यांवर संशय. त्यांची प्रत्येक पायरी समजण्यासारखी आहे, फक्त गणित मांडलंय चुकीच्या आकड्यावर, आणि तो आकडा तुम्ही दिलाय. ज्या तपासण्यांची धडकी भरलीय, त्यांची सुरुवात तुमच्या कपाटात आहे.

आणि सोंगही धड वठलेलं नाही. अ‍ॅम्लोडिपिन हे संथ औषध आहे. ते रक्तातून निम्मं उतरायलाच 30 ते 50 तास लागतात, आणि रोज घेतलं तर सात-आठ दिवसांनी कुठे त्याची पातळी स्थिरावते. चार-सहा दिवसांच्या सुट्टीनंतर त्याच सकाळी गिळलेली एक गोळी दुपारच्या आकड्यावर काय दिवे लावणार?

आता सुजेबद्दल. इथे मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. ती खरी आहे, आणि तिची गोष्ट तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. हे औषध बारीक धमन्या सैल करतं, त्यानं प्रेशर उतरतं. पण पलीकडच्या, रक्त परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. येणारा नळ मोठा उघडला आणि मोरीचं तोंड तेवढंच राहिलं, तर पाणी तुंबणारच. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो, पाणी झिरपून बाहेर येतं आणि दिवसभराच्या उभ्या-बसत्या अंगात खाली घोट्यांशी साचतं. औषधाच्या चाचण्यांत 5 मिलिग्रॅमवर शंभरातल्या साधारण तिघांना सूज आली, 10 वर जवळजवळ अकरा जणांना, आणि पुरुषांपेक्षा बायकांना बरीच जास्त. म्हणजे तुमच्या गैरहजेरीमुळे तुमची मात्रा वाढली आणि वाढलेल्या मात्रेमुळे सूज. लघवीची गोळी या सुजेवर फारशी चालत नाही, कारण अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी गेलेलं असतं. तुमचे पोटऱ्यांतले गोळे बहुधा तिचीच देणगी. सोडियम-पोटॅशियम बघून घ्यायला सांगा.

यावर उपाय आहे, आणि तो डॉक्टरांच्या रोजच्या कामातला आहे. मात्रा उतरवता येते, औषध बदलता येतं, शिरांची बाजूही सैल करणारं दुसरं औषध जोडता येतं, त्यानं सूज ओसरते. पण तो उपाय ज्यानं करायचा त्याच्यापासूनच तुम्ही गोळ्या सोडता हे लपवून ठेवलंत. नवे डॉक्टर केलेत तर त्यांनाही ‘रोज घेते’ म्हणूनच सांगाल. मग बदलून काय होणार?

मुलीला आवरायचा उपाय मी सांगणार नाही. अख्ख्या पत्रात योग्य प्रश्न विचारणारी ती एकटीच आहे. रविवारी येते, रिकामी डबी बघते, निश्चिंत होते, पुन्हा भरून जाते. पोलीस म्हणे! पोलिसांनी कपाट उघडलं असतं.

तेव्हा एकच करा. उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून लवकरात लवकरची वेळ घ्या. मुलीला बरोबर न्या. डॉक्टरांच्या टेबलावर ते चष्म्याचं घर उघडून पालथं करा आणि म्हणा, ‘सूज येते म्हणून मी मध्ये मध्ये सोडते. या त्या गोळ्या.’ एवढंच. त्यापुढे स्पष्टीकरण नको, डॉक्टर किती भले आहेत तेही नको. अंगदुखीसाठी परस्पर काही घेत असाल तर ती गोळ्यांची पट्टीही शेजारी ठेवा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि प्रेशरही चढवतात.

एक मात्र करू नका. हे वाचून लाज वाटेल आणि प्रायश्चित्त म्हणून उद्यापासून सगळं नेमानं सुरू कराल. थांबा. 10 ची गोळी आणि तिच्या जोडीची लघवीची गोळी तुमच्या ‘रोज घेते’वर ठरलेली आहे. ती खरोखर रोज पोटात गेली तर प्रेशर नको इतकं खाली येऊन उठताना भोवळ येऊ शकते, पडू शकता. भेटीपर्यंत काय घ्यायचं, किती घ्यायचं, ते फोनवर खरं सांगूनच विचारा. तोवर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दंड छातीच्या उंचीवर ठेवून दोनदा प्रेशर मोजा आणि येईल तो आकडा लिहा. छान दिसतो तो निवडून लिहू नका.

सूज गोळीचीच, हे मी पत्रावरून ठरवते आहे. डॉक्टर लघवीतलं प्रथिन, रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि हृदय बघून ठरवतील. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला, आडवं पडल्यावर दम लागला, किंवा छातीत दुखलं, तर फोन-वेळ-टेबल सगळं विसरा, त्याच क्षणी तातडीच्या विभागात जा.

आणि ते चष्म्याचं घर आत्ताच उठून पर्समध्ये टाका. सकाळी ‘विसरले’ म्हणाल.