मणका ‘बसवून’ घेण्याआधी टाच उचलून पाहा

आपण लिहिले आहे की आपले वय ४१ आहे, आपण नाशिकच्या सिडकोत राहता आणि अंबडच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने काम करता. पाच आठवड्यांपासून कमरेतून निघणारी कळ डाव्या मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून पायाच्या करंगळीपर्यंत उतरते. एमआरआयच्या अहवालात एल-५ आणि एस-१ या, म्हणजे कमरेच्या अगदी तळाच्या, मणक्यांमधली गादी मागे सरकून नस दबल्याचा उल्लेख आहे. एका कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणक्याला झटके देऊन उपचार करणाऱ्या, केंद्राने १२ सिटिंगांत मणका ‘बसवून’ देतो असे सांगून निम्मी रक्कम आगाऊ घेतली आहे. येत्या शनिवारी पहिले सिटिंग आहे आणि तिथे जावे की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे.

मी डॉक्टर नाही. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. मात्र २०१९ मध्ये हेच दुखणे याच पायात मी पाच महिने सोसले आहे आणि त्या काळात जे वाचले, विचारले आणि अंगावर काढले, त्याच्या आधारे हे उत्तर देत आहे. जाऊच नका असे मी म्हणणार नाही. पण आपल्या डाव्या पायाची ताकद कोणीतरी नीट तपासल्याशिवाय कमरेला कोणाचाही झटका लावून घेऊ नका, एवढे मात्र आग्रहाने सांगतो.

या दुखण्यात कळ कितीही जीवघेणी असली तरी नसेची अवस्था कळेवरून कळत नाही, ती स्नायूंच्या ताकदीवरून कळते. एल-५ आणि एस-१ यांच्यामधली गादी सरकली की बहुधा एस-१ ही नस दबते. पोटरी, तळपायाची बाहेरची कड आणि करंगळी हा तिचा मार्ग आहे, म्हणजे आपण वर्णन केलेलाच. हीच नस पोटरीच्या स्नायूंना बळ देते. म्हणून भिंतीला बोटे टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच पूर्ण वर उचलून चवड्यावर या. असे किती वेळा जमते ते आधी उजव्या आणि मग डाव्या पायाने मोजा. उजव्या पायाने वीस वेळा जमत असेल आणि डावी टाच चौथ्या-पाचव्या वेळीच अर्ध्यावर अडत असेल, तर ती नस केवळ दुखत नाही, तिचे कामही मंदावले आहे असे समजावे. डॉक्टर याच कारणासाठी टाचेमागच्या शिरेवर हातोडीने हलकेच ठोकून पाहतात. एस-१ दबलेली असेल तर तिथली उसळी कमी होते किंवा दिसतच नाही. त्यांना टाचांवर चालून आणि पायाचा अंगठा वर उचलूनही दाखवा, कारण त्यातून वरच्या एल-५ नसेचा अंदाज येतो.

मी पहिल्यांदा जिथे गेलो होतो तिथे यातले काहीच झाले नाही. पंचवटीतून द्वारकामार्गे नाशिकरोडच्या शाळेपर्यंत स्कूटरवर जाताना प्रत्येक गतिरोधकाला डोळ्यांपुढे अंधारी येत असे, त्यामुळे कोणी ‘दोन मिनिटांत मोकळे करतो’ म्हटले की माणूस तयार होतो. तसाच मी तयार झालो. मला कुशीवर झोपवले, कंबर पिळली, कट्ट असा आवाज आला आणि ‘बसला’ असे सांगून मला घरी पाठवले. पहिले दोन तास खरोखर हलके वाटले. रात्री मात्र तोपर्यंत पोटरीत थांबणारी कळ करंगळीपर्यंत गेली आणि तळपाय बधिर झाला. फोन केला तर असे होतच असते, सिटिंग चुकवू नका, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चवड्यावर उभे राहायला सांगितले आणि माझी डावी टाच जमिनीवरून सुटलीच नाही. ती ताकद झटक्याने गेली की आधीपासूनच उतरत चालली होती, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. कारण झटक्याआधी ती कोणी मोजलीच नव्हती, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

‘बसवणे’ या शब्दाबद्दल थोडे लिहितो, कारण सगळी आशा त्या एका शब्दावर उभी असते. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट या गावी केली. मणका जागेवरून किंचित ढळला की नस अडते आणि तो हाताने जागेवर आणला की आजार जातो, अशी त्यांची मांडणी होती. सरकलेली गादी हे पायात उतरणाऱ्या कळेचे कारण असते, हे मिक्स्टर आणि बार या बोस्टनच्या शल्यविशारदांनी ठामपणे दाखवले ते १९३४ मध्ये, म्हणजे ३९ वर्षांनंतर. थोडक्यात, आपल्याला सांगितले जाणारे स्पष्टीकरण गादीचा उलगडा होण्याआधीचे आहे. आपले मणके जागेवरच आहेत. जागा सोडली आहे ती गादीने, आणि बाहेरून दिलेला झटका तिला आत ढकलू शकत नाही. कट्ट असा आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो, बोटे मोडताना येतो तसाच. गादीचा बाहेर आलेला भाग बऱ्याच वेळा शरीराच्या पेशीच हळूहळू खाऊन टाकतात, आणि फुटून मोठा बाहेर पडलेला तुकडा विरघळण्याची शक्यता लहान फुगवट्यापेक्षा जास्त असते. मला हे कळले तेव्हा मोठा धीर आला होता, म्हणून आपल्यालाही सांगतो.

मग झटक्याने कोणालाच बरे वाटत नाही का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आखडलेले स्नायू सैल होतात, काही काळ वेदना दबते आणि हालचाल करण्याची हिंमत येते. इटलीत १०२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींना खरे झटके दिले आणि काहींना नुसता तसा देखावा केला. शेवटी पायातली कळ पूर्ण थांबलेल्यांचे प्रमाण खरे झटके मिळालेल्यांत ५५ टक्के आणि देखावा मिळालेल्यांत २० टक्के होते. हा फरक लहान नाही. मात्र ते रुग्ण दुखणे नुकतेच सुरू झालेले, गादी फुगलेली असलेले आणि तपासून निवडलेले होते. आपले दुखणे पाच आठवड्यांचे आहे आणि आपली निवड, आपण लिहिले त्यावरून, फक्त एमआरआयचा कागद पाहून झाली आहे. त्या कागदाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ज्यांना काहीच दुखत नाही अशा चाळिशीच्या माणसांचा एमआरआय काढला तरी जवळजवळ निम्म्यांमध्ये गादी फुगलेली दिसते. कागद आणि पायाची तपासणी एकमेकांशी जुळली तरच त्याला अर्थ आहे.

ताकद शाबूत असेल तर घाई करण्याचे कारण नाही. नेदरलँड्समधल्या २८३ रुग्णांच्या एका अभ्यासात, जो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया केली आणि बाकीच्यांना आधी थांबवले. शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के लोक सारखेच बरे होते. थांबवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, हेही लपवू नये. घरातली मोठी माणसे फळीवर पंधरा दिवस पडून राहायला सांगतील. अंथरुणाला खिळून राहिल्याने हे दुखणे लवकर जात नाही, हे १९९९ मध्येच तपासून झाले आहे. सोसेल तेवढे चालत राहावे.

मला शेवटी उपयोग झाला तो एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा. पहिल्या दिवशी त्यांनी पाऊण तास केवळ तपासणी केली आणि कमरेला हात लावण्याआधी मला पालथे झोपवून कोपरांवर छाती उचलायला सांगितली. तसे दहा वेळा केल्यावर करंगळीतली कळ घोट्यापर्यंत मागे आली आणि कंबर मात्र जास्त दुखू लागली. मी घाबरलो, पण त्या म्हणाल्या, “सर, कळ पायातून वर कमरेकडे सरकतेय ना, मग कंबर दुखली तरी चालेल. उलट खाली उतरायला लागली तर तिथेच थांबा.” त्यानंतर मी रोज रात्री कळ कुठपर्यंत गेली ते वहीत लिहीत असे: करंगळी, घोटा, पोटरी, गुडघा. सातव्या आठवड्यात ती मांडीवर आली होती आणि टाचही उचलता येऊ लागली होती. आपल्यावर कोणतेही उपचार चालू असोत, ही नोंद ठेवा. उपचार लागू पडतो आहे की नाही हे त्यातून कोणाच्याही शब्दापेक्षा लवकर समजते. प्रत्येकाला पालथे झोपणे मानवत नाही, म्हणून हा व्यायाम माझे वाचून सुरू करू नका, कोणाकडून तरी पाहून घ्या.

कोणाकडे जावे, याबद्दल थोडक्यात लिहितो. आपल्या देशात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे दारावरच्या पाटीवरून शिक्षण कळत नाही. फिजिओथेरपिस्टची नोंदणी मात्र महाराष्ट्राच्या परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. आपले ईएसआय (कामगार विमा) कार्ड असेल तर सातपूरच्या ईएसआय रुग्णालयातही तपासणी होऊ शकते. दुखणे कमरेचे असताना कोणी मानेलाही झटका देऊ लागला तर स्पष्ट नकार द्या, कारण मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. त्या विरळ असल्या तरी खऱ्या आहेत.

लघवी अडली, किंवा झाल्याचे कळेनासे झाले, शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला, बसताना टेकणारा भाग बधिर झाला, किंवा दोन्ही पायांतली शक्ती जाऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री जिल्हा रुग्णालयात किंवा मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात पोहोचा. तिथे काही तासांचा उशीर कायमचा ठरू शकतो.

आता शनिवारबद्दल. आज आणि उद्या दोन्ही टाचांचे आकडे मोजून लिहून ठेवा. डाव्या पायाचा आकडा स्पष्टपणे कमी असेल तर शनिवारी केंद्रात न जाता अस्थिरोग किंवा मणक्याच्या डॉक्टरांकडे जा. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही तरी चालेल. दोन्ही आकडे सारखे असतील आणि जायचेच असेल, तर आधी पाय तपासा, मगच हात लावा, असे तिथे सांगा, बारा नव्हे तर दोन सिटिंगांचेच ठरवा आणि त्या रात्री कळ कुठपर्यंत गेली ते वहीत लिहा. दोन्ही पायांचे आकडे इथे खाली कळवलेत तर मी जरूर उत्तर देईन.