वाचकांचे प्रश्न : मुलांना निवासी शिबिराला पाठवताना

प्रश्न : आमची मुलगी आठ वर्षांची असून मुलगा पंधरा वर्षांचा आहे. दोघे ज्या युवक संघटनेत जातात, तिने यंदा दहा दिवसांचे निवासी उन्हाळी शिबिर जाहीर केले आहे. मुलगी आमच्यावाचून कधीच राहिलेली नाही आणि ‘तिथे सगळे लहान मुलांचेच खेळ असतात’ असे मुलाचे म्हणणे आहे. दोघांना पाठवावे का? संघटनेला आधी काय विचारावे?

उत्तर : दोघांचा निर्णय एकत्र घेऊ नये. आठव्या वर्षी मूल शिबिरात रमेल की नाही, हे वयापेक्षा सवयीवर अधिक अवलंबून असते. शिबिराला अवकाश असेल, तर मुलीला तत्पूर्वी एकदा दोन-तीन रात्री नातेवाइकांकडे राहू द्यावे. स्वतःचे अंथरूण-पांघरूण आवरणे, कपडे सांभाळणे आणि दुखलेखुपले तर परक्या मोठ्या माणसाला न लाजता सांगणे तिला जमते का, हे तेव्हाच कळेल. जमत नसेल तर यंदा दिवसभराचे, संध्याकाळी घरी परतण्याचे शिबिर पुरे. घरची आठवण बहुतेक मुलांना येतेच आणि त्यात काळजीचे काही नाही. मात्र ‘करमले नाही तर लगेच येऊन घेऊन जाऊ’ असे वचन देऊ नये. मुलाला धीर देण्यासाठी पालक हे बोलतात, पण आपल्याला जमणार नाही असे आईवडिलांनाच वाटते, एवढाच अर्थ मूल त्यातून घेते आणि पहिल्याच अवघड रात्री दुसरे काही न सुचता त्या वचनाची वाट पाहत बसते.

संघटनेला विचारण्याचा पहिला प्रश्न रात्रीचा असावा : दिवे मालवल्यानंतर मुलांच्या खोलीत किंवा तंबूजवळ नेमके कोण असते? अमेरिकन कॅम्प असोसिएशन या तेथील शिबिरांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या निकषांप्रमाणे निवासी शिबिरात ६ ते ८ वर्षांच्या सहा मुलांमागे, ९ ते १४ वर्षांच्या आठ मुलांमागे आणि १५ ते १८ वर्षांच्या दहा मुलांमागे किमान एक कार्यकर्ता असावा लागतो. कागदावर हे प्रमाण जुळवणे सोपे असते, कारण स्वयंपाकी आणि कार्यालयातील माणसेही त्यात मोजता येतात. म्हणून प्रत्यक्ष मुलांसोबत असणाऱ्यांचीच संख्या विचारावी. कोणताही मोठा माणूस एखाद्या मुलाबरोबर इतरांच्या नजरेआड एकटा राहणार नाही, असा लेखी नियम आहे का, हेही विचारावे. पोहण्याचा कार्यक्रम असेल तर पहिल्या दिवशी प्रत्येकाची चाचणी घेऊन मुलांच्या जोड्या लावल्या जातात का, याची चौकशी करावी. चांगल्या शिबिरात ठरावीक वेळाने शिट्टी वाजते, प्रत्येक जोडी जागच्या जागी एकमेकांचा हात धरून वर करते आणि मोजणी पुरी झाल्याशिवाय खेळ पुन्हा सुरू होत नाही. अशा प्रश्नांनी जे संयोजक चिडतात, त्यांच्याकडे मुले न पाठवलेली बरी.

वेळापत्रकही मागून घ्यावे. गटागटांत दहाही दिवस गुणांची चढाओढ चालणार असेल तर सावध व्हावे. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये ओक्लाहोमातील एका उन्हाळी शिबिरात २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात बक्षिसांसाठी स्पर्धा लावली, तेव्हा थोड्याच दिवसांत प्रकरण झेंडे जाळण्यापर्यंत गेले. नुसते एकत्र जेवायला बसवून ते वैर निवळले नाही. बंद पडलेले पाणी सुरू करण्यासारखी, दोन्ही गटांनी मिळूनच करावी लागणारी कामे पुढे आल्यावर ते ओसरू लागले. (आपल्यावर प्रयोग चालला आहे हे त्या मुलांना ठाऊकच नव्हते, आज असा प्रयोग करू दिला जाणार नाही.)

मुलाची तक्रार रास्त वाटते. पंधराव्या वर्षी मुलांना रस असतो तो जबाबदारीत. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले, तेव्हाही त्यांनी मुलांच्या चार तुकड्या करून प्रत्येकीचे नेतृत्व एका मोठ्या मुलाकडे दिले होते. आपल्या संघटनेत या वयासाठी गटप्रमुखाचे प्रशिक्षण, प्रथमोपचार किंवा मोठ्या पदभ्रमंतीचा स्वतंत्र कार्यक्रम आहे का, ते पाहावे. प्रशिक्षणाच्या नावाखाली दहा दिवस भांडी घासून घेतली जात असतील तर ते फुकटचे मनुष्यबळ झाले; शिवाय अशा मुलांना कार्यकर्त्यांच्या संख्येत धरता कामा नये. ‘बहिणीकडे लक्ष दे’ ही कामगिरीही त्याच्यावर सोपवू नये. त्याने ती मनावर घेतली तर दोघांचेही शिबिर वाया जाईल.

प्रश्न : शिबिरात मोबाइल नेऊ देत नाहीत. हे योग्य आहे का?

उत्तर : योग्य आहे, मात्र मूल आजारी पडले किंवा घाबरले तर शिबिरप्रमुखांमार्फत घरी बोलता येईल आणि पालकांनाही एका निश्चित क्रमांकावर चौकशी करता येईल, एवढी सोय हवी. सॅकच्या तळाशी लपवून दुसरा फोन देणारे पालक असतात. त्यापेक्षा पत्ता लिहिलेली, तिकिटे लावलेली चार पाकिटे द्यावीत.