डिस्टोपिया, सासुरवास आणि एक विसर्ग

नागपूरच्या धंतोलीतल्या एम.ए.च्या एका मुलीनं विचारलंय : ‘डिस्टोपिया’ला, म्हणजे कादंबऱ्यांत रंगवतात तसल्या जुलमी, भयाण समाजाला, मराठीत काय म्हणायचं? अशा कादंबऱ्यांतला बायकांवरचा जुलूम खऱ्या समाजातून कसा उचललेला असतो, यावर तिला निबंध लिहायचाय. ‘दुःस्वप्नलोक’ चालेल का?

आधी तक्रार. मे महिन्यात सीताबर्डीवर ज्याला-त्याला ‘डिस्टोपियन ऊन’ लागतं. अरे बाप्पा, त्या उन्हाला ‘नवतपा’ असा नेमका शब्द आहे की! ऊन कोणी फर्मान काढून पाडत नाही. डिस्टोपिया माणसं उभारतात, आणि उभारणाऱ्यांना तो झकास वाटतो.

परवा एका व्याख्यानात ऐकलं, यातला ‘डिस’ म्हणजे ‘डिसमिस’मधला. साफ चूक. तो लॅटिन, हा ग्रीक. हा आपल्या ‘दुस्’चा सख्खा भाऊ : दुष्काळ, दुर्दशा. फारसीतून आलेल्या ‘दुश्मन’मध्येही तोच, दुश्मन म्हणजे वाईट मनाचा. ‘टोपोस’ म्हणजे जागा. थॉमस मोरनं १५१६ साली ‘यूटोपिया’ घडवताना श्लेष साधला : नसलेली जागा, आणि चांगली जागा. १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडवर बोलताना जॉन स्टुअर्ट मिलनं सरकारपक्षाला ‘डिस्टोपियन’ म्हणून हाणलं. पुढच्याच वर्षी स्त्रियांच्या पराधीनतेवरचं त्याचं पुस्तक आलं. मला हा नुसता योगायोग वाटत नाही.

‘दुःस्वप्नलोक’ मला पटत नाही, मोठमोठे समीक्षक वापरत असले तरी. स्वप्नातून जाग येते. मार्गारेट अ‍ॅटवुडनं ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) या, बायकांना सक्तीनं मुलं जन्माला घालायला लावणाऱ्या राज्यावरच्या कादंबरीबद्दल निक्षून सांगितलंय की इतिहासात कुठं तरी घडलेलं नाही असं काहीच तिनं त्यात घातलेलं नाही. रोमानियात १९६६ साली चाउशेस्कूच्या राजवटीनं फर्मान काढून गर्भपात बंद केला. ते काय स्वप्न होतं? अ‍ॅटवुडच्या नायिकेचं नाव ‘ऑफ्रेड’, म्हणजे ‘फ्रेडची’; फ्रेड हा तिचा मालक. निव्वळ षष्ठी विभक्ती! तांदळाच्या ताटात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहिणाऱ्यांनी यावर दचकायचं कशाला?

मराठीत शब्द आहेच, जात्यावरच्या बायकांनी ओव्यांतून जपलेला : सासुरवास. फोडून बघ. ‘सासुर’ म्हणजे श्वशुराचं, ‘वास’ म्हणजे राहणं. छळ, जाच, मारहाण यांतलं एक अक्षर त्यात नाही. नुसतं ‘सासरी राहणं’. पण ऐकणारा छळच समजतो. नुसत्या जागेवरून जाच कळतो, वेगळा ‘दुस्’ लावावा लागत नाही. वाडा एकच; सासऱ्याला घर, सुनेला सासुरवास.

दुसरं टोक ‘माहेर’, म्हणजे मातृगृह. सुखाची जागा, म्हणून तर वारकऱ्यांनी पंढरीला माहेर केलं. आणि आई गेली की बाई म्हणते, “माहेर संपलं.” चांगली जागा, नसलेली जागा. मोरचा श्लेष आमच्या आजीला ग्रीकवाचून कळत होता.

आमचे एक प्राध्यापक मित्र याला ओढाताण म्हणतात. सासुरवास घरातला, डिस्टोपिया राज्यातला, असा त्यांचा भेद. मग १८८२ मध्ये आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ कशावरून लिहिली? सुरतेच्या एका विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल कोर्टानं शिक्षा ठोठावली, त्या प्रकरणावरून. विधवेला कोंडणारं घर आणि शिक्षा देणारं कोर्ट यांच्यामधली भिंत प्राध्यापकांनी मला दाखवावी. अ‍ॅटवुडच्या कादंबरीतही बायकांना वळण लावायला ‘आंट’ नेमल्यात. सासूबाईच की त्या, कमरेला किल्ल्या नाहीत एवढंच.

हां, निबंध. शीर्षकात ‘डिस्टोपिया’च ठेव, परीक्षकाला कळेल, सासुरवास आत आण. आणि ‘दुःस्वप्न’ लिहायचंच असेल तर त्यातला विसर्ग खाऊ नकोस. तुझ्या प्रश्नात तो एकदा गेला होता, वर मी दुरुस्त करून घेतलाय.