अकरा इंच म्हणजे नक्की किती?

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टॅब घ्यायचाय, वीस हजारांपर्यंत जमेल, कुठला घेऊ, असं तू विचारलंस. दिवसभर अभ्यासिकेत पीडीएफ वाचायच्या, रात्री जेवताना एखादी मालिका, रविवारी घरच्यांशी व्हिडिओ कॉल. एवढ्यासाठी प्रोसेसरच्या आकड्यांत डोकं घालू नकोस. पडदा नीट बघ.

आत्ता एक कर. ए-फोर कागद घे आणि मधोमध दुमड. त्याची रुंदी झाली १४८ मिलिमीटर. ‘११ इंची’ म्हणून मिळणारे बरेचसे अँड्रॉइड टॅब १६:१० प्रमाणाचे असतात, म्हणजे लांबी १६ भाग तर रुंदी १०. उभे धरले की त्यांचा पडदा साधारण एवढाच रुंद. तुझ्या नोट्सचं २१० मिलिमीटरचं पान त्यात बसवायचं म्हणजे अक्षर ७० टक्क्यांवर येतं. बारा पॉइंटचं साडेआठ. इंग्रजी तेवढ्यात निभावतं, पण मराठीत रफार, अनुस्वार, रकार एकमेकांत मिसळतात. त्यातून तुमच्या त्या झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या नोट्स! ‘कर्म’ आहे की ‘क्रम’, हे बघायला पान दोन बोटांनी मोठं करायचं, मग ओळीगणिक डावीकडून उजवीकडे सरकवत बसायचं. सहा तास असं वाचल्यावर डोकं दुखतं आणि आपल्याला वाटतं, अभ्यास झेपत नाही.

इंच मोजतात ते तिरके, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. त्यामुळे आकडा सारखा दिसला तरी रुंदी सारखी नसते. २०२३ साली आलेला वनप्लस पॅड गो ११.३५ इंची आहे, पण प्रमाण ७:५, म्हणजे जवळजवळ ए-फोर कागदाचंच. उभा धरला की सुमारे १६७ मिलिमीटर रुंद. तेच पान ८० टक्क्यांवर दिसतं आणि वाचताना हा फरक लगेच जाणवतो. मालिकेचं म्हणशील, तर आडवे धरल्यावर दोन्ही पडद्यांची लांबी २३५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चित्र जवळपास तेवढंच. वरखाली काळ्या पट्ट्या जाड, बस. तोच टॅब घे असं मी म्हणत नाही, त्या प्रमाणाचा घे.

पेनच्या बाबतीत मी फसले होते. पहिल्या टॅबबरोबर रबरी टोकाचं स्वस्त पेन घेतलं. लिहायला तळहात टेकला की पानभर रेघोट्या. पंधरा दिवसांत वहीकडे परतले. नीट लिहायचं तर टॅबच पेनसाठी बनवलेला लागतो. सॅमसंगच्या एस-सिक्स लाइटबरोबर खोक्यातच पेन येतं, पण त्याचा १०.४ इंची पडदा आणखी अरुंद आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, उत्तरं कागदावरच लिहायची आहेत. हाताला सवय कागदाची राहू दे. पेनाचे पैसे वाचव.

सिमवाल्या मॉडेलला जास्त पैसे घालू नकोस, फोनचा हॉटस्पॉट पुरतो. जागा १२८ जीबी तरी हवी. आणि पैसे देण्याआधी ‘वाइडवाइन एल-वन’ आहे का, हे नक्की विचार. वाइडवाइन म्हणजे व्हिडिओ चोरून कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, एल-वन ही त्याची सगळ्यात वरची पातळी. खालची एल-थ्री असेल तर पडदा कितीही चांगला असू दे, नेटफ्लिक्स ४८० पिक्सेलच्या वर जात नाही. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर ‘डीआरएम इन्फो’ नावाचं ॲप डेमो टॅबवर टाकून बघता येतं.

दुकानात जाताना तो दुमडलेला कागद बरोबर ने. तुझ्याकडची सगळ्यात खराब स्कॅनची पीडीएफ ड्राइव्हवर ठेव, डेमो टॅबवर उघडायला सांग आणि टॅब उभा धरून, पान मोठं न करता, दहा मिनिटं खरंच वाच. विक्रेता घाई करेल, करू दे.

रविवारी जाणार असशील तर आदल्या दिवशी फोन कर, मीही येते.

तुझी,
ताई