कमला सोहोनींची कादंबरी प्रयोगशाळेच्या दाराशी थांबू नये

विज्ञानाच्या इतिहासात मागे पडलेल्या एखाद्या स्त्रीवर ऐतिहासिक कादंबरी लिहायची आहे, नायिका शक्यतो मराठी असावी, पण तिच्या आयुष्यात कल्पनेने किती भर घालावी हे ठरत नाही, असे आपण विचारले आहे. माझ्या मनात लगेच डॉ. कमला सोहोनी, म्हणजे माहेरच्या कमला भागवत, यांचे नाव आले. दुर्गाबाई भागवतांच्या त्या धाकट्या बहीण. दुर्गाबाई मराठी वाचकाला घरच्यासारख्या ठाऊक आहेत, कमलाबाईंचे नाव मात्र अनेकांना केवळ एका प्रसंगापुरते माहीत असते. मी अनेक वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवले आहे आणि म्हणून आग्रहाने सांगावेसे वाटते की कल्पना किती वापरावी यापेक्षा ती कुठे वापरावी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

तो एक प्रसंग असा. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, प्रवेशासाठी अर्ज केला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी आहेत म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, कामाचा दर्जा पटेपर्यंत त्या कामाला मान्यता मिळणार नाही आणि त्यांच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. कमलाबाई हा अपमान अखेरपर्यंत विसरल्या नाहीत आणि उतारवयात जाहीर व्यासपीठावर त्यांनी तो स्पष्ट शब्दांत बोलूनही दाखवला.

हा प्रसंग नाट्यमय आहे, त्यात एक नोबेल विजेता आहे, आणि नेमके म्हणूनच तो कादंबरी गिळून टाकतो. लेखक शंभर पाने रामन यांच्या दालनाबाहेर घालवतो आणि आत गेल्यावर कमलाबाईंनी काय केले ते चार ओळींत उरकतो. माझ्या दृष्टीने हे त्या अटींइतकेच अन्यायाचे आहे. त्यांनी आत जाऊन एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि कडधान्ये यांतील नत्रयुक्त घटकांवर काम केले, १९३५ मध्ये डाळींवरचा त्यांचा शोधनिबंध इंग्लंडच्या प्रतिष्ठित जीवरसायन नियतकालिकात आला, आणि पुढे रामन यांना संस्थेचे दार इतर मुलींसाठी उघडावे लागले ते या कामाच्या बळावर. कामच दाखवले नाही, तर दार का उघडले हे वाचकाला कसे कळणार?

तुमच्या कल्पनाशक्तीला खरा वाव केंब्रिजमध्ये आहे. १९३७ साली कमलाबाई जीवरसायनशास्त्रज्ञ सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथे डेरेक रिक्टर यांनी आपले टेबल दिवसा त्यांना कामाला दिले आणि रात्री ते स्वतः त्याच टेबलावर झोपत, असे सांगितले जाते. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करू लागल्या. त्या काळी केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी प्राण्यांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये सायटोक्रोम हे पेशींच्या श्वसनात भाग घेणारे लोहयुक्त रंगद्रव्य दाखवून दिलेले होते. तो प्रयोग तुम्ही डोळ्यांसमोर आणा. यीस्ट कालवलेल्या पाण्याची नळी वर्णपटदर्शकासमोर (स्पेक्ट्रोस्कोपसमोर) धरली की प्रकाशाच्या पट्ट्यावर सायटोक्रोमच्या बारीक काळ्या रेषा दिसतात. नळी हवेबरोबर जोराने हलवली की त्या पुसल्या जातात, कारण ऑक्सिजन मिळाला. नळी स्थिर ठेवली की काही क्षणांत यीस्ट तो ऑक्सिजन संपवते आणि रेषा पुन्हा उमटतात. पेशींचे श्वसन असे डोळ्यांना दिसते.

आता हेच वनस्पतीत शोधायचे म्हटले की अडचण सुरू होते. बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो हे स्वयंपाकघरात रोज दिसते. त्याला कारण असलेले विकरच (एन्झाइमच) वनस्पतींच्या श्वसनात ऑक्सिजन वापरण्याचे शेवटचे काम करत असावे, असा त्या काळी एक मतप्रवाह होता. म्हणजे ज्या रसात फिकट रेषा शोधायच्या तोच रस पाहता पाहता काळवंडणार, आणि तो काळेपणाच प्रतिस्पर्धी उत्तर म्हणून समोर उभा राहणार. प्राण्यांत असते तीच सायटोक्रोमची यंत्रणा फुलझाडांतही असते हे हिल आणि भागवत यांनी १९३९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडले. बटाट्यापासून सुरू झालेल्या या कामावर कमलाबाईंना त्याच वर्षी पीएच. डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. त्या प्रत्येक दिवशी त्यांनी काय पाहिले असेल, कोणत्या संध्याकाळी रेषा दिसल्याचा भास झाला असेल आणि सकाळी तो खोटा ठरला असेल, हे कागदपत्रांत सापडणार नाही. इथे मनसोक्त कल्पना करा. रसायनशास्त्र चुकवू नका एवढेच.

आणखी एका मोहापासून सावध राहा. बंगळूर अंधारे आणि केंब्रिज उजळ, अशी सोपी मांडणी करू नका. हॉपकिन्स यांच्या विभागात मार्जरी स्टीफन्सन, डोरोथी नीडहॅम अशा संशोधिका होत्या हे खरेच. तो विभाग त्या बाबतीत अपवाद म्हणावा इतका मोकळा होता. पण केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व आणि पुरुषांच्या बरोबरीची पदवी १९४८ साली दिली. म्हणजे कमलाबाई तिथे होत्या तेव्हा खुद्द इंग्रज मुलींनाही ती बरोबरीची पदवी मिळत नव्हती. हा तपशील आला की रामन यांची वृत्ती एका माणसाच्या स्वभावदोषापुरती उरत नाही आणि त्यांना खलनायक करण्याची गरजही संपते.

संदर्भ शोधताना दोन्ही आडनावे घेऊन शोधा, कारण बंगळूर आणि केंब्रिजचे निबंध ‘भागवत’ या नावाने आहेत, तर १९४७ मध्ये विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह करून त्या मुंबईला आल्यानंतरचे बहुतेक काम ‘सोहोनी’ या नावाने.

केंब्रिजहून परतल्यानंतरची आणि मुंबईपूर्वीची, म्हणजे दिल्लीची आणि कुन्नूरची वर्षे एखाद्या प्रकरणात आटोपली तरी चालेल. मुंबईची मात्र आटोपू नका. पीएच. डी. मिळाली की कथा संपवायची, ही अशा कादंबऱ्यांची खोड असते. इथल्या विज्ञान संस्थेत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या ताटातल्या अन्नावर काम केले. डबल बी, वाल यांसारख्या कडधान्यांत प्रथिनांचे पचन अडवणारी किंवा रक्तपेशींच्या गुठळ्या करणारी द्रव्ये असतात, ती कोणती, त्यांचे गुणधर्म काय, हे त्यांच्या गटाने तपासले. वाल भिजवून, मोड आणून नीट शिजवण्याची आपली रीत किती शहाणपणाची आहे हे अशा कामातून उमगते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला आणि कुपोषित आदिवासी मुलांच्या आहारात तिचा उपयोग होतो हे दाखवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पहाटे उतरवलेली नीरा उन्हे चढू लागली की आंबून ताडी होऊ लागते, त्यामुळे झाड, मडके, थंडावा आणि प्रयोगशाळा यांच्यातली ती रोजची शर्यत कादंबरीकाराला आयती मिळालेली आहे. एवढे करूनही संस्थेच्या संचालकपदावरची त्यांची नेमणूक लांबत गेली. त्या विलंबात ना आरडाओरडा होता ना कोणी दार लावून घेतले होते, म्हणून तो लिहायला बंगळूरच्या नकारापेक्षा अवघड आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाचे थेट उत्तर. पदव्या, तारखा, निबंध, कोणाबरोबर काम केले आणि निष्कर्ष काय निघाला, यांना हात लावू नये. रामन, हॉपकिन्स, दुर्गाबाई यांच्या तोंडी नवी दीर्घ संभाषणे घालू नयेत, कारण आज रचलेले वाक्य उद्या अवतरण म्हणून फिरू लागते; त्या अटी निवेदनातूनच सांगाव्यात. एखादे पूर्ण काल्पनिक पात्र मात्र अवश्य घ्यावे. मला सुचते ती मुंबईतल्या प्रयोगशाळेतली एक विद्यार्थिनी, जिला बाईंचा बंगळूरचा इतिहास आधी ठाऊकच नाही आणि जी त्यांना प्रथम ओळखते ती नमुन्याची मोजमापे पुन्हा करायला लावणाऱ्या कडक शिक्षिका म्हणून. तिच्या मनात, तोंडी आणि घरात तुम्हाला हवे ते घालता येईल आणि कमलाबाईंवर तुमचे शब्द लादले जाणार नाहीत. शेवटी दोन पानांची लेखकाची टीप जोडून कोणती पात्रे आणि प्रसंग कल्पित आहेत ते सांगावे. लिहायला बसण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयात परवानगी काढून यीस्टचा तो प्रयोग एकदा स्वतःच्या डोळ्यांनी जरूर पाहा.