परक्या राज्यातलं पहिलं सूप

प्रश्न : बाई, मी यावल तालुक्यातली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अद्भुत कादंबरी लिहितेय. नायिकेचं राज्य बुडतं आणि ती नदी ओलांडून दुसऱ्या राज्यात नवं आयुष्य सुरू करते. तिला वाऱ्याशी बोलता येतं. लढाई, पळापळ, नदी, सगळं भराभर लिहून झालं. नव्या राणीने तिला वाडा दिला आणि तिथेच तीन महिने अडलेय. पुढे काय घडवू?

उत्तर : तो वाडा आधी काढून घे, पोरी. आल्या आल्या डोक्यावर छप्पर आणि समोर ताट मिळालं, मग तिने कुणाच्या दारात जायचं? काय मागायचं? तू अडली नाहीस, तिचीच गरज संपली आहे.

१९७४ साली मी तुझ्याच भागातून लग्न होऊन साक्रीकडे, पांझरेकाठच्या गावात आले. जिल्हा शेजारचा, पण माझं बोलणं लेवा वळणाचं आणि इथे सगळी अहिराणी. ओट्यावरची म्हातारी रोज विचारायची, "काय करी ऱ्हायनी व माय?" शब्द कळत होते, पण माझ्या बोलण्याला हसतील म्हणून मी नुसती मान हलवायची. सासरी कुणी वाईट नव्हतं. तरी पाहुणी म्हणून नीट वागवलं जाणं किती एकटं करतं, ते मला तेव्हा कळलं.

आमच्याकडे फडाची शेती. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. प्रत्येक घराची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात, म्हणून पाणी कमी पडलं तर झळ सगळ्यांनाच. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, आणि त्याचा मोबदला धान्यात. त्या वर्षी खळ्यावर पाटकरी आला. सासूबाईंनी सूप भरलं आणि माझ्या हातात दिलं. "तू दे." ज्वारी त्याच्या फडक्यात ओतताना माझे हात थरथरत होते. चार दाणे खाली सांडले, ते त्याने वाकून एकेक उचलले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कोनता गावनी व माय?" मी उत्तर दिलं, मोडक्या अहिराणीत, मोठ्याने.

मला इतके दिवस त्या घराने दिलं होतं. त्या दिवशी त्या घराच्या वतीने मी कुणाला तरी दिलं. तुझ्या नायिकेला हा प्रसंग हवा. त्या राज्यात पाणी कोण वाटतं, त्याला काय मिळतं, कोणत्या मापाने, आणि परकीच्या हातात ते माप पहिल्यांदा कोण ठेवतं, हे ठरव. तिची विद्याही तिथेच कामाला लाव. उफणायच्या वेळी वारा पडला की सगळं खळं हातावर हात धरून बसतं, हे तू पाहिलं असशीलच. तिने वाऱ्याला हाक मारावी का, ते या लोकांना आवडेल का, या भीतीवर दोन प्रकरणं सहज उभी राहतील.

प्रश्न : माझ्या काल्पनिक राज्याचं नाव राजा बदलतो. प्रजा लगेच नवं नाव वापरते असं दाखवलं तर चालेल? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : मला पटत नाही. आपल्या खानदेशाचंच बघा. मलिक राजा फारुकीला फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये थाळनेरचा मुलूख दिला. त्याच्या घराण्याने इथे दोनशे वर्षांहून जास्त राज्य केलं. १६०१ मध्ये अशीरगड अकबराच्या हाती गेला आणि शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचा 'दानदेश' झाला. फर्मानात झाला. लोकांच्या तोंडी तो टिकला नाही. तेव्हा तुमच्या कादंबरीत दरबारात नवं नाव चालू द्या आणि बाजारात जुनं. कुठलं नाव कुठे घ्यायचं हे नव्याने आलेल्या माणसाला ठाऊक नसतं. त्याला भर बाजारात चुकीचं नाव घेऊ द्या, आणि भाजीवालीचा तराजू तिथेच थांबू द्या.